काट्यावरचा माइक

माहा जनम इथंच रायपूरले झाला, पण बोली भंडाऱ्याकडची, बाबा रेल्वेत लागले अन् इकडं आले तवापासून घरात हे बोली अन् बाहेर हिंदी. माह्या पोट्टीले मराठीत विचारलं तं हिंदीत सांगते. इथं उरला म्हणून कारखान्याइचा भाग हाय, तिथं मी सळाखीच्या कारखान्यात ट्रकच्या वजनकाट्यावर बसते, ट्रक आला का माइकवर पुकारायचं, भैया गाडी आगे लो, वजन थांबलं का पर्ची काढायची. आमचे हे बी तिथंच, क्रेनवर.

मले गोष्टी लिहायचा नाद, शाळेपासूनचा. पण टाइम कुठला, काय सांगू तुम्हाले ताई. घरी सासूबाई खाटेवर, अर्धं अंग गेलेलं, संध्याकाळी आली का त्याइचं जेवण, तेल लावणं, कूस बदलणं, मंग सैपाक, मंग पोट्टीचा अभ्यास. म्हणून मी काट्यावरच, एक गाडी उतरून दुसरी चढेपर्यंत, गोष्ट तोंडानं बोलून पाहायची. पेन धराले टाइम नाई, तोंड तं रिकामं हाय ना.

त्या दिवशी माइक चालूच राहिला. मी आपली बोलून राहिली, म्हातारी गेली अन् सुनेले पहिल्यांदा संध्याकाळ भेटली, तिनं खाटेवरची गोधडी झटकली अन् तिथंच लिहाले बसली. वाक्य बरं वाटलं म्हणून पुन्हा बोलली. पुऱ्या यार्डात भोंग्यातून गेलं. ड्रायव्हर लोक हसले, दीदी मंतर पढ़त हे का म्हणे एक जण, त्याइले मराठी कुठं समजते. समजणारा यार्डात एकच माणूस होता. क्रेन मधातच थांबली, ते मले काचेतून दिसलं.

 घरी चपला काढता काढता हे हळूच म्हणे, तुले टाइम भेटाले आईनं मरावं का?

मी म्हटलं, गोष्ट हाय ते, गोष्टीतलं खरं नसते. पण तुम्हाले खोटं काहून सांगू ताई, ते वाक्य मनातूनच आलं होतं. लय लाज वाटते मले, अजून वाटते.

भांडले नाईत हे. तवापासून संध्याकाळी हातपाय धुतले का स्वतःच आईले भरवतात, तेल लावतात, अन् मले म्हणतात, तू बस लिहाले. बसते मी. एक अक्षर येत नाई. शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं.

सासूबाईले यातलं काई माहीत नाई. लेक भरवून राहिला, सून कागद घेऊन बसली, त्या आपल्या खुश. परवा म्हणे, काय लिवलं ते वाचून दाखव. मी कोऱ्या कागदाकडं पाहून मनानंच जोडून वाचलं, एक सासू होती, खाटेवर होती, ते बरी झाली अन् दारापर्यंत चालत गेली. त्याइनं चांगला हात माह्या डोक्यावर ठेवला, म्हणे, लिवत राय बाई, आपल्या घरात आजवर कोणी लिवलं नाई.

आता रोज विचारतात, दारापासून पुढं कुठं गेली ते म्हातारी. अन् मी मान खाली घालून रोज तिले थोडं पुढं नेते.