विरजण पुढच्या दारानं

माहं माहेर आलापल्लीकडचं, जंगलातलं, अन् सासर राजुऱ्याच्या पुढं, कापसाच्या गावात, त जंगलातली बाई म्हणून पहिल्या दिवसापासूनच लोकाईले शंका, हिले काईतरी येते. मले म्हशीचं दूध काढता येते अन् दही लावता येते, दुसरं काय येणार?

काय सांगू तुमाले, शेजारच्या देवरावची म्हैस मेली अन् त्यानं हाकाटी केली का मीच करणी केली. डफडं वाजवत मले घरातून ओढलं, चौकातल्या कडुनिंबाले बांधलं, सारं गाव पाहून राह्यलं होतं. नवरा वावरातून धावत आला, त्यानं सोडवलं. पोलिसात जाले निघालो त गावातले मोठे लोक आडवे आले, वहिनी, गावातलं गावात मिटवू, देवराव माफी मागते. मी म्हटलं, मागू द्या.

त माफी कुठी? पंचायतीच्या खोलीत, दार लावून. काऊन, त म्हणे देवरावले लाज वाटते. अरे बाप्पा! मले बांधलं तवा माही लाज कोणी इचारली होती? देवराव भुईकडं पाहून पुटपुटला, हात जोडले, झालं, म्हणे आता तुमी मन मोठं करा. मी घरून साऱ्याईसाठी चहा नेला होता. खोली खाली झाली अन् कप तसेच भरलेले, वर साय धरून राह्यली.

मी सरपंचाले म्हटलं, भाऊ, बांधलं चौकात त माफी बी चौकात, डफडं वाजवा, देवरावनं कडुनिंबाखाली सांगावं का मी खोटं बोललो, अन् माह्या हातचं पाणी प्यावं. सरपंच म्हणे, बाई, किती ताणता? म्हणजे ताणते बी मीच! अजून कोणाच्या वरातीत डफडं वाजलं का माह्या हातातलं भांडं सुटते, देवराव मले पाहून रस्ता बदलवते, अन् याले म्हणते मिटलं.

आता गंमत ऐका. त्यानं नवी म्हैस घेतली. त्याची बायको शांता मागच्या दारानं येते, पदराखाली वाटी, वहिनी, विरजण द्या ना, तुमच्यासारखं दही लागत नाई. चहा चालत नाई, विरजण चालते! इतके दिवस देऊन राह्यली होती मी. काल म्हटलं, शांता, तुही लेकरं सुखात राहो, म्हैस दुधाची राहो, पण आता पुढच्या दारानं ये, वाटी उघडी घेऊन. शांता कवाड धरून उभी राह्यली, मंग रिकामी वाटी घेऊन गेली.

मागच्या दाराले मी कडी घातली. विरजण झाकून ठेवलं हाय. पुढचं दार उघडं हाय.