ध्रुवपद आलं की

बेराक्रुसच्या बसच्या तिकिटासाठी रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या, ओतिलिया आणि धाकटी आंपारो.

— शनिवारी किल्ला, मग दूधकॉफी, दुपारी झोप. कसलीच घाई नाही, ताई.

— आणि संध्याकाळी?

— चौकात दान्सोन नाचायचं.

— ते नको.

— भावोजींना जाऊन दोन वर्षं झाली. आणि गुडघ्यांचं कारण सांगू नकोस. ध्रुवपद आलं की सगळ्या जोड्या थांबतातच.

— त्या थांबण्याचीच भीती वाटते. नाचताना लक्ष पायांकडे असतं. थांबलं की शेजारी नुसतं उभं राहायचं, पंख्याने वारा घेत.

— भावोजी काय बोलायचे तेव्हा?

— काही नाही. माझा पंखा घेऊन स्वतःलाच वारा घालायचे. मी आपली घामाघूम.

— आणि तू चालवून घेतलंस?

— एकतीस वर्षं.

— नाचायला कुणीतरी म्हातारा मिळेल. थांबलीस की मी शेजारी येऊन उभी राहीन.

— तो म्हातारा काय म्हणेल?

— घाम पुसेल बिचारा.

रांग दोन पावलं पुढे सरकली, तशी ओतिलियाही सरकली.

— मग तिथे पोचल्यावर आधी एक पंखा घेऊ. माझा मी त्यांच्या शवपेटीत ठेवलाय.