तारपेवाल्या बाबांची नोंद

एकदा मी ऑनलाइन ज्ञानकोशाशी भांडलो, ते सांगतो, हसू नका. सिद्धगडाखालच्या पाड्यावर तारपा वाजवणाऱ्या काळूबाबांची मी तिथे नोंद केली होती. दोन दिवसांत कुणीतरी ती उडवली. मी तणतणत जाब विचारला. उत्तर आलं, "यांच्याबद्दल कुठल्या वर्तमानपत्रात छापून आलंय, ते दाखवा."

त्या भागाचा, म्हणजे मुरबाडचा वार्ताहर वीस वर्षं मीच होतो. दरवर्षी बाबांच्या तारप्यावर हातात हात गुंफून नाचलो होतो, लिहिली मात्र एक ओळही नव्हती.

माफी मागायला गेलो. बाबा म्हणाले, "लिवनार कसा रे तू? नाचात दोनी हात गुतलेले. वही काढाया हात सोडला असतास, तर नाच तुटला असता."

इतक्या मोठ्या मनाने मला एकाही संपादकाने कधी माफ केलेलं नाही.