पोमाइसेची चिंच

मंडळी, एक विचारते. मन मोठं कुठं होतं? चार माणसांत, की एकटं बसून? ताई, नुसती मान डोलावू नका, उत्तर द्या! नाही ना देता येत? मग ऐका!

यादवांच्या काळी वऱ्हाडात पोमाइसा नावाची तपस्विनी होती. घरी असताना दोघी जावा, एक चूल — 'ही चूल माझी, ते जातं माझं!' रोजची भांडणं! वैतागून तिनं घर सोडलं, दीक्षा घेतली. पंथाचा नेम असा — रोज गावाबाहेर निर्जन जागी एकटीनं बसायचं. त्याला म्हणत विजन. आणि चार-पाच दिवसांनी झाड बदलायचं. का? अहो, झाडाचंसुद्धा घर होतं!

पण पोमाइसेला एक चिंच आवडली. 'देवाचंच झाड, त्यात काय?' म्हणत बारा वर्षं तिथंच बसली! रोज खालची जागा झाडायची. मन मात्र नितळ झालं — विहिरीच्या तळचा खडा दिसावा, असं.

एके दिवशी येते तर काय! तिच्या जागेवर मोळीवाली आडवी — चक्क घोरतेय!

"ऊठ! ही माझी जागा आहे!"

मोळीवाली डोळे चोळत म्हणाली, "अवं माय, तू त घर सोडलं ना? मंग हे झाड का सासऱ्यानं देल्लं?"

हसता काय! पोमाइसा पांढरीफटक पडली. तशीच गुरुमाईकडे गेली. "माय, नेम मोडला. बारा वर्षं फुकट गेली. मला पंथातून काढा."

"फुकट कशी गं? घरी 'माझं, माझं' शंभरदा म्हणालीस. तेव्हा कधी ऐकू आलं?"

"नाही."

"इतकी वर्षं गप्प बसलीस, म्हणून आज एकदाच म्हणालीस नि ऐकू आलं! राहा इथंच. पण चिंच सोड."

पोमाइसा परत गेली. "झोप बाई. झाड तुझं."

"माह्यं कायचं? सावली हाय मोठी. बस नं!"

दोघी बसल्या. दुसऱ्या दिवशी पोमाइसेनं नवं झाड धरलं — पाच दिवसांपुरतं!

मंडळी, एकांत माणसं तोडायला नसतो. आपलाच आवाज आपल्याला ऐकू यावा, म्हणून असतो. साठ वर्षं कीर्तन करतेय मी. कंदील गेले, विजेचे दिवे आले — पण पहिल्या रांगेत रुमाल टाकून जागा धरणं काही गेलं नाही! त्या बघा, दाराशी आजी काठी टेकून उभ्या आहेत. सरका पाहू!

...बघा, सरकलात की! या आजी, बसा. आता सगळ्यांनी डोळे मिटा, आणि घटकाभर गप्प बसा.