मंगळवारचे ताट

नाव: पवन बाबूलाल नेवारे. वय: १९ वर्षे ४ महिने, शाळेच्या दाखल्याप्रमाणे. शिक्षण: सातवी, मराठी शाळा, तुमसर तालुका. धंदा: सायकल दुरुस्तीच्या दुकानात कामावर. राहणार: बुद्धविहारामागची खोली, तिरोडी, जिल्हा बालाघाट. त्याआधी दोन वर्षे राहणार: तिरोडी रेल्वे स्टेशन, मालधक्क्याची शेड.

मी आज शुक्रवारी ठाण्यात हजर होऊन, चंपाबाई यांच्या मृत्यूच्या चौकशीत विचारल्यावरून जबाब देतो की, मला हिंदी बोलता येते पण लिहिताना चुका होतात, म्हणून साहेबांच्या परवानगीने मी हा जबाब स्वतः मराठीत लिहीत आहे.

मला आईवडील नाहीत. मागच्या वर्षी पोळ्यानंतर विहाराच्या महिला मंडळाच्या जिजाबाई यांनी मला स्टेशनवरून आणले. खोली दिली. दुकानात शब्द टाकला. सात घरांनी माझे संध्याकाळचे जेवण वाटून घेतले, प्रत्येक घराचा एक वार. मंगळवार चंपाबाईंचा, बुधवार रुख्माबाईंचा, शुक्रवार जिजाबाईंचा. मंडळाने एक स्टीलचे ताट घेऊन त्यावर माझे नाव कोरून दिले. जेवण झाले की मी ताट घासून दुसऱ्या दिवशीच्या घरी नेऊन ठेवतो. ताट ज्या घरी, त्या घरची पाळी.

पहिल्या दिवशी जिजाबाईंनी मला एक नियम सांगितला. त्या म्हणाल्या, "दार वाजवाचं नाही, आवाज द्याचा नाही. मागणारा वाजवते. तू ओट्यावर बस, तुले आतून बलावतील." हा नियम मी एकदाही मोडला नाही.

चंपाबाई यांचे वय सत्तरच्या आसपास. घरात एकट्या. मुलगा भैयालाल मलाजखंडला कामाला असतो. आधीच्या मंगळवारी मी तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा त्या म्हणाल्या, "काहून रे, तुह्या पोटात भाडेकरू ठेवला का?" त्या हसल्या. मीही हसलो. नंतर आठवडाभर ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही.

या मंगळवारी सायंकाळी ७ वाजून १० मिनिटांनी मी त्यांच्या ओट्यावर बसलो. दुकानातून निघताना घड्याळ पाहिले होते. दार बंद होते. आत लाइट सुरू होता. भात शिजल्याचा वास येत होता. अंदाजे दहा मिनिटांनी आत ताट पडल्याचा आवाज झाला. तो माझ्या ताटाचा आवाज होता, मी ओळखतो. त्यानंतर एकदा कण्हल्यासारखा आवाज आला. मला वाटले, त्यांनी ताट रागाने आपटले. मला वाटले, आता बोलावणार नाहीत. मी आणखी अर्धा तास बसलो. दार वाजवले नाही. आवाज दिला नाही. मग हापशीवर पाणी पिऊन खोलीत जाऊन झोपलो.

बुधवारी सकाळी ७ वाजता नळावर रुख्माबाईंनी विचारले, "जेवला का रे काल? ताट कुठी हाय?" तिथे आणखी चार बायका होत्या. मी म्हणालो, "हौ, जेवलो. ताट तिथंच राह्यलं." हे खोटे होते. एका घराने नाही म्हटले असे कळले, तर बाकीची घरेही विचार करतील, या भीतीने मी खोटे बोललो. स्टेशनवर परत जायचे नव्हते.

दुपारी १२ वाजता रुख्माबाई आणि जिजाबाई ताट आणायला गेल्या, तेव्हा चंपाबाई चुलीजवळ पडलेल्या आढळल्या. डोक्याला मार होता. भाताचे भांडे भरलेले होते. ताट बाजूला पालथे होते. भैयालाल यांचे म्हणणे आहे की मी जेवलो म्हणतो आणि भात तर तसाच आहे, म्हणजे मी काहीतरी केले. त्यांचा संशय बरोबर नाही, पण मी खोटे बोललो हे बरोबर आहे.

ठाण्यातले लिखापढीचे हवालदार, मुंशीजी, यांनी मला सांगितले की, डॉक्टरांच्या मते चंपाबाई बुधवारी सकाळी नऊच्या पुढेमागे वारल्या. म्हणजे मी ओट्यावर होतो तेव्हा त्या जिवंत होत्या. मी नळावर होतो तेव्हाही जिवंत होत्या. ताटाचा आवाज ऐकल्याचे मला कोणी विचारले नव्हते. मी स्वतःहून लिहिले आहे.

जिजाबाई सकाळपासून ठाण्याच्या बाहेर बसल्या आहेत. मी काहीच केले नाही, असे त्या साहेबांना सांगत आहेत. त्यांना वाचता येत नाही. म्हणून माझी विनंती आहे की, त्यांना आत बोलवावे आणि हा जबाब त्यांच्यासमोर मला वाचू द्यावा. त्यानंतर खोली सोडायला सांगितले तर मी सोडीन.

साहेबांनी परवानगी दिली. वरील मजकूर मी मोठ्याने वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, खाडाखोड नाही. सही: पवन बाबूलाल नेवारे.

पुरवणी. वाचून झाल्यावर जिजाबाई म्हणाल्या, "दार नुसतं लोटलेलं होतं. कडी नोती. हे बी लिव." मी लिहिले. त्या म्हणाल्या, "वाजवू नको हे मीच शिकवलं. ते पयलेच लिवलं तुनं." मी हौ म्हणालो.

त्यांनी साहेबांना ताट मागितले. ताट जप्त आहे, मिळणार नाही, असे साहेब म्हणाले. जिजाबाई उठल्या आणि मला म्हणाल्या, "आज शुक्रवार हाय. परातीत वाढीन. ओट्यावर बसू नको. आवाज देजो."

पुरवणीही वाचली. बरोबर आहे.