उघडं फाटक आणि दुसरा निरोप

सन्माननीय अध्यक्षा मिसेस डोरीन फेदरस्टोन, व्यासपीठावर बसायला साफ नकार देऊन आपली खुर्ची उचलून खाली बसलेले आमचे विल्फ नॅट्रास, पोस्टाची गाडी दारातच आडवी लावून आलेल्या ब्रेंडा कोल्थर्ड, चहाच्या भांड्यामागे उभी असलेली माझी मॉड आत्या, आणि हार्थगिलच्या या सभागृहात जमलेल्या माझ्या सहनशील शेजाऱ्यांनो,

सहनशील हा शब्द मी जपून निवडला आहे. गेल्या फेब्रुवारीत याच टेबलामागे उभा राहून मी आपला निरोप घेतला होता. आपण मला बॅग दिलीत, केक कापलात. विल्फनी डोळे पुसले; सर्दी होती असं ते आजही सांगतात. आणि तिसऱ्या दिवशी दुपारच्या बसने मी तीच बॅग घेऊन परत उतरलो. एका माणसाला एकाच नोकरीसाठी एकाच वर्षात दोनदा निरोप देणारं दुसरं गाव कुणाला माहीत आहे का? असेल तर मला सांगा. तिथल्या माणसाला मी पत्र लिहीन.

झालं होतं असं, की सैन्याचं पत्र आलं आणि त्यात 'हजर व्हावे' असं लिहिलं होतं. कशासाठी हजर व्हावे, ते दुसऱ्या पानावर होतं. मी पहिलं पान वाचणारा माणूस आहे. नोकरी लागली, परीक्षा पुढे कधीतरी होईल, असं मी धरून चाललो होतो; आधी परीक्षेलाच बोलावलंय हे मला तिथे पोचल्यावर कळलं. या वेळी अध्यक्षांनी पत्राची दोन्ही पानं, पाकिटावरच्या शिक्क्यासकट, स्वतः मोठ्याने वाचली आहेत आणि मगच केकची ऑर्डर दिली आहे. त्याबद्दल त्यांचे आभार मी आत्ताच मानतो, कारण पुढे त्यांच्या बागेचा विषय निघणार आहे.

पण आधी कामाचं सांगतो. मला वाटत होतं, सैन्यात एकच काम असतं, सैनिकाचं. भरतीच्या कचेरीत गेलो तर त्यांनी भलीमोठी यादी हातात दिली. स्वयंपाकी, ड्रायव्हर, घोड्यांना नाल ठोकणारा, कुत्री सांभाळणारा, दातांच्या डॉक्टरचा मदतनीस, बँडवाला. यातली तीन निवडा, पसंतीच्या क्रमाने, आणि फॉर्म भरून आणा. मी तो फॉर्म आपल्या पबमध्ये काउंटरवर ठेवला. ही चूकच झाली. हार्थगिलमध्ये एखादा कोरा कागद काउंटरवर ठेवला की तो सगळ्या गावाचा होतो.

"स्वयंपाकी हो," मॉड आत्या म्हणाली. "लढाई असो नसो, जेवायला लागतंच."

"त्याने केलेलं कोण जेवणार?" ब्रेंडा म्हणाल्या. "शत्रूला घालणार असतील तर गोष्ट वेगळी."

"मग ड्रायव्हर होतो," मी म्हणालो.

"माझ्या गाडीचा तू तोडलेला आरसा आधी भरून दे, मग ड्रायव्हर हो."

मिसेस फेदरस्टोन यांनी बँड सुचवला. लहानपणी मी कॉर्नेट, म्हणजे तुतारीसारखं छोटं पितळी वाद्य, वाजवायचो, हे त्यांच्या लक्षात होतं. ते मी दोन महिन्यांत सोडलं, हे बहुधा नव्हतं.

इथेच खरी अडचण आहे, मंडळी, आणि ती आपण सगळे जाणता. मी सोडणारा माणूस आहे. शाळा सोडली. समुद्रकाठच्या जत्रेत मोठा पाळणा फिरवायचो, तो पाच आठवड्यांत सोडला. हॉलंडमध्ये ट्युलिपचे कांदे निवडायला गेलो, अकरा दिवस टिकलो. तिथलं चीज मात्र फार चांगलं होतं. एक म्हातारा रोज सकाळी सुरीने पातळ पातळ पापुद्रे काढून ब्रेडवर ठेवायचा आणि एक पापुद्रा सुरीच्या टोकावरूनच मला द्यायचा... असो. मिसेस फेदरस्टोन घड्याळाकडे बघतायत.

तर फॉर्म कोराच घेऊन मी कचेरीत परत गेलो. तिथे एक सार्जंट बाई होत्या. त्यांनी कोरा फॉर्म पाहिला, त्यावरचे बिअरच्या ग्लासाचे गोल पाहिले, आणि विचारलं, "आजवर सगळ्यात जास्त दिवस कोणतं काम केलंस?"

मी विचार केला. "विल्फ नॅट्रास यांच्याबरोबर शेताचे दगडी बांध घातले. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. सात आठवडे."

"का सोडलंस?"

"बर्फ पडला. दगड जमिनीला चिकटून बसले, निघेनात."

"मग ते तू सोडलं नाहीस," त्या म्हणाल्या. "ते थांबलं."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला सांगत होतं, की एक काम मी सोडलेलं नाही. त्यांनी फॉर्मवर स्वतःच लिहिलं: इंजिनिअर पलटण, गवंडी. खालच्या दोन ओळींवर मी काही लिहिलं नाही. बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की मला ही नोकरी खरंच हवी आहे. हे फार त्रासदायक होतं. जे नको असतं ते हातून गेलं तर काही वाटत नाही. जे हवं असतं, त्यात नापास होता येतं.

विल्फना सांगितलं तर त्यांनी पाइप तोंडातून काढला. "सैन्यात भिंती बांधतात होय? मला वाटलं पाडतात."

"दोन्ही करतात, विल्फ."

"मग दोन्हीपैकी एक तरी नीट शिकून ये."

आता राहिला व्यायाम. परीक्षेत दोन किलोमीटर धावायचं असतं, ठरलेल्या वेळेत. माझी तेव्हाची तब्येत आपल्याला आठवत असेल. मॉड आत्याच्या रश्श्यातले पिठाचे गोळे मी एका बैठकीत नऊ खायचो आणि मग दुपारभर मला उठता येत नसे. ब्रेंडांनी मला हाती घेतलं. रोज सकाळी पोस्टाची गाडी मागे आणि मी पुढे, टेकडीवरच्या शेवटच्या शेतापर्यंत. मी थांबलो की हॉर्न. पहिल्या आठवड्यात हॉर्न इतका वाजला, की वरच्या शेतातल्या आजीबाई पत्र आलं समजून रोज दारात येऊन उभ्या राहायच्या. शेवटी ब्रेंडांनी त्यांना स्वतःच एक पत्र लिहून टाकलं. मग संध्याकाळी विल्फकडे दगड उचलणं. तीन महिन्यांत मी टेकडीवर असा धावू लागलो, की विल्फचं कुत्रं माझ्यावर नाराज झालं.

म्हणून फेब्रुवारीत छावणीवर त्या मैदानात मी तीस जणांच्या पुढे होतो. सपाट जमीन, पाऊस नाही, समोर चढ नाही. असं धावणं म्हणजे सुट्टीच. आणि अर्ध्या वाटेवर कुंपण आलं आणि कुंपणात फाटक. सताड उघडं.

मंडळी, आपल्यापैकी कोण पुढे गेलं असतं? हात वर करा. बघा, एकही हात नाही. फाटक उघडं राहिलं की गुरं गेली, म्हणून चालता येण्याच्या आधी आपण 'फाटक लाव' ऐकलेलं असतं. या दरीत चोराला माफी मिळेल, नवरा सोडून गेलेल्या बाईला माफी मिळेल, सोडून गेलेल्या नवऱ्यालासुद्धा दहा-वीस वर्षांनी मिळेल. फाटक उघडं टाकणाऱ्याला नाही. मी थांबलो. फाटक हातात धरलं. मागून तीस जण येत होते, त्यांच्या तोंडावर लावणं बरं दिसलं नसतं. म्हणून एकेकाला आत घेतलं, गाई घेतो तसं. मोजलेसुद्धा. शेवटी एक जाडगेला मुलगा बराच मागे होता, त्याला म्हटलं, "ये निवांत, घाई नाही." तो आत आला, मग मी कडी घातली, कडी सैल वाटली म्हणून खिशातल्या सुतळीने बांधली, आणि मग धावलो.

नऊ सेकंदांनी नापास. तो जाडगेला मुलगा पास झाला.

घड्याळवाले सार्जंट घड्याळ खिशात टाकून माझ्याकडे आले. "पीअर्ट, काय करत होतास तिकडे?"

"फाटक लावत होतो, साहेब."

"का?"

"उघडं होतं."

"त्या कुंपणात काय आहे, माहीत आहे?"

"नाही, साहेब."

"गवत," ते म्हणाले. "सहा महिन्यांनी ये."

परत आल्यावर मी चार दिवस आत्याच्या घरातल्या माझ्या माळ्यावरच्या खोलीतून खाली आलो नाही. खाली लोक येऊन आत्याला विचारायचे, "केकचं काय?" पाचव्या दिवशी ब्रेंडांनी अंगणात हॉर्न दिला. मी खिडकीतून ओरडून सांगितलं, की माझ्याच्याने होणार नाही, मी हेही सोडतोय.

"सोड की," ब्रेंडा म्हणाल्या. "पण खाली येऊन सोड. मला वर ओरडून घसा दुखतो."

खाली गेलो. त्यांनी गाडीचं दार बंद केलं, पुढच्या वाटेकडे बोट दाखवलं, आणि मी धावायला लागलो. त्या दिवसापासून एक नवीन शिक्षण सुरू झालं. प्रत्येक फाटकापाशी ब्रेंडा मागून ओरडायच्या, "राहू दे, पुढे हो." तुम्हाला सांगतो, दोन किलोमीटर धावणं सोपं आहे. फाटक मागे उघडं टाकून पुढची दहा पावलं टाकणं अवघड; तेवढ्यात मी तीनदा मागे वळून बघायचो. ठरलं असं होतं, की मागून गाडीतून येताना फाटकं ब्रेंडा लावतील.

ऑगस्टमध्ये एका गुरुवारी ब्रेंडांना वाटेत एक रजिस्टर पत्र द्यायचं होतं. त्या दहा मिनिटं थांबल्या. विल्फच्या चाळीस मेंढ्या थांबल्या नाहीत.

अध्यक्ष महाशया, गावच्या भाज्यांच्या स्पर्धेला तीन आठवडे उरले असताना आपल्या बागेतले ते लीक, कांद्याच्या पातीचे ते थोरले भाऊ, ज्यांना आपण मुलांसारखं वाढवलं होतं आणि माझी खात्री आहे काही बाबतीत मुलांपेक्षा जास्त, ते मेंढ्यांच्या पोटात गेले. मी माफी मागायला दारात आलो तेव्हा आपण एकच प्रश्न विचारलात, तो मी विसरणार नाही.

"वेळ किती लागला?"

"आठ मिनिटं पंचावन्न सेकंद," मी म्हणालो.

"कमी कर," आपण म्हणालात आणि दार लावून घेतलंत.

गेल्या महिन्यात मी परत छावणीवर गेलो. तेच मैदान, तेच सार्जंट, तेच उघडं फाटक. ते माझ्याकडे बघत होते, मी फाटकाकडे बघत होतो. मी त्यातून आरपार गेलो, मागे न बघता, दात आवळून, डोळ्यांत पाणी. अकरा सेकंद राखून पोचलो. आणि मग, तो भाग मी लपवणार नाही, धापा टाकत परत गेलो आणि फाटक लावून आलो. सार्जंटनी वहीत काहीतरी लिहिलं. मी विचारलं, ते माझ्याविरुद्ध आहे का.

"नाही," ते म्हणाले. "गवंडी लिहिलंय ना तुझ्या फॉर्मवर? तेच लिहिलं."

तर सोमवारी मी जातोय. खरं सांगायचं, तर मला भीती धावण्याची नाही, सार्जंटांचीही नाही. मला माझीच भीती आहे. एखाद्या सकाळी मी उठेन आणि माझे पाय आपोआप बसच्या थांब्याकडे वळतील, हे या सभागृहात प्रत्येकाच्या मनात आहे, आणि केक खाताना ते कुणी बोलून दाखवणार नाही. म्हणून मीच बोललो.

परवा मी आत्याला हळूच विचारलं, की आठवड्याभराने समजा परत यावं लागलं, तर माळ्यावरची खोली आहे ना. ती मला वर घेऊन गेली. माझी खाट नव्हती. कपाट नव्हतं. खोलीभर गोधडीची चौकट मांडली होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कापड ताणून टाचलेलं, पहिला टाका घातलेला. चर्चच्या सात बायकांनी मिळून करायची गोधडी. एकदा कापड ताणलं की गोधडी पुरी होईपर्यंत चौकट हलवता येत नाही, हे मला कुणी सांगायला नको.

"कधी पुरी होईल?" मी विचारलं.

"ईस्टरला," ती म्हणाली. "आम्ही घाई करत नाही."

आणि मग, जिन्यावरून उतरता उतरता, पाठमोरीच म्हणाली, "तुझ्या नावाची आहे."

एवढा विश्वास माझ्यावर आजवर कुणी ठेवला नव्हता, मीही नाही.

आपण दुसऱ्यांदा वेळ काढून आलात, दुसऱ्यांदा केक आणलात, त्याबद्दल अध्यक्षांचे, विल्फ आणि ब्रेंडांचे, आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचं नको तिथे आलं असेल, हॉलंडच्या चीजवर वेळ गेला असेल, तर पोरसवदा समजून पदरात घ्या. ईस्टरला भेटू, त्याआधी यायला मला जागा नाही.