लाल दिव्याआडची बासुंदी

खोटं वाटेल राव, पण आमचे सासरे बासुंदीला मुकले ते एका दिव्यापायी. थेरगावात रेल्वेच्या निवृत्त मंडळींचा मेळावा होता. सासरे इंजिन ड्रायव्हर, त्यांचे जोडीदार साळवीकाका गार्ड. काकांनी आपला जुना लाल दिवा कौतुकानं जेवणाच्या दारावर पेटवून टांगलेला. तो बघून सासरे दारातच थांबले.

"अहो, आत बासुंदी संपतेय!" मी म्हणालो.

"संपू दे. जन्मात लाल ओलांडला नाही."

त्यांच्यामागे बाकीचे ड्रायव्हरही खोळंबले. तेवढ्यात शेवटची वाटी चाटत साळवीकाका आतून आले.

"लाल असताना तू कसा गेलास रे आत?" सासरे कडाडले.

"मी गार्ड. कायम शेवटच्या डब्यात. सिग्नल बघायचं काम तुझं!"